सोळातले पाच

मुख्य प्रशिक्षकाला रविवारी दुपारी काढलं आणि मंगळवारी सकाळी नवा हजर झाला. केल ऑस्टरमन, वय अडतीस. तो स्वतःची माणसं आणणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. अमेरिकेतल्या कॉलेजच्या फुटबॉलमध्ये असंच चालतं. जुन्या सहायकांपैकी एखादाच ठेवून घेतात, पोरांची माहिती असलेला कुणी असावा म्हणून.

ती एक जागा रॉइस टिलरीला हवी होती. बचावाच्या पहिल्या फळीचा हा प्रशिक्षक त्रेपन्न वर्षांचा. सव्वीस वर्षांत नऊ कॉलेजं झाली होती आणि दर वेळी बायकोनं खोकी भरली होती. मुलीचं, टेसाचं, शाळेचं शेवटचं वर्ष ऑगस्टात सुरू होणार होतं. चार शाळा बदललेल्या त्या पोरीला त्यानं शब्द दिला होता, की आता इथून हलायचं नाही.

पासिंग शिकवणारा दुसरा सहायक गस बेलामी ऑस्टरमनच्या खोलीतून बाहेर आला.

"झालं?" रॉइसनं विचारलं.

"सात मिनिटं. माझी दाढ उपटणारा याहून जास्त वेळ देतो. जा, केस विंचर जरा, म्हाताऱ्या."

आत ऑस्टरमननं डावपेचांचं काही विचारलंच नाही. त्यानं एक कागद पुढे सरकवला.

"तुमच्या फळीतले सोळा जण. मला अकरा पुरेत, बाकीचे मी बाहेरून आणतोय. कुठल्या पाचांना दुसरं कॉलेज शोधायला सांगायचं?"

"आणि माझं?"

"आधी यादी."

चार नावांवर रॉइसनं फारसा विचार न करता काट मारली. पाचव्यापाशी पेन थांबलं. ऑस्टरमननं स्वतःच एका नावावर बोट ठेवलं.

"हा पुग. याच्या गुडघ्याचं खरं काय?"

डिमॅरियस पुगला रॉइसनंच मिसिसिपीतून आणलं होतं, त्याच्या आईच्या स्वयंपाकघरात तळलेला मासा खात, मुलासारखा सांभाळीन असं सांगून. ऑक्टोबरात गुडघा सुजला तेव्हा "दोन सामने ओढ, मग आराम" असं म्हणणाराही रॉइसच. पोरानं तीन ओढले. नंतर शस्त्रक्रिया झाली.

"डॉक्टर म्हणतात, ऑगस्टपर्यंत धावेल."

"डॉक्टरांचा कागद मी वाचलाय. तुम्ही काय म्हणता?"

पोरांसाठी भांडणारे सहायक त्या सकाळी गाडीत सामान भरत होते. रॉइसला ते खिडकीतून दिसत होते.

"पूर्वीसारखा नाही धावणार," तो म्हणाला आणि पुगच्या नावावर काट मारली.

"तुम्हीच आणलेला ना?"

"हो."

"मग आपलं जमेल," ऑस्टरमन म्हणाला. "पाचही जणांना आजच सांगा. तुम्हीच सांगा. तुमच्यावर विश्वास आहे त्यांचा."

रॉइसनं घरी बायकोला फोन लावला.

"राहतोय आपण, डार्लीन."

ती म्हणाली, "खरं सांग. मी स्वयंपाकघराच्या फळ्या रिकाम्या करायला घेतल्या होत्या रे! टेसाला तू सांगतोस की मी?"

"तूच सांग."

"आवाज का असा तुझा?"

"दमलोय."

चौघं तीनपर्यंत येऊन गेले. एकानं शिव्या दिल्या, एकानं खुर्ची लाथाडली, दोघांनी हात मिळवले. ते हात मिळवणं रॉइसला जास्त जड गेलं.

साडेतीनला कुबड्यांचा आवाज आला. पुगनं खांद्यानंच दार ढकललं. तोंडभर हसत होता.

"कोच! ठेवलं ना तुम्हाला? खाली सगळे बोलतायत. मी तर आईला फोनसुद्धा केला. ती म्हणाली, कोच आहेत ना, मग आता मी निवांत झोपते."

"बस, डिमॅरियस."

"उभाच बरा आहे. बसलं की उठताना कळ येते. पण डॉक्टर म्हणाले, प्रगती झकास आहे. तुम्ही बघाच, ऑगस्टात मी—"

रॉइस उठला, त्याच्या मागे जाऊन त्यानं दार लावलं आणि खुर्ची ओढून पोराच्या जवळ आणली.

"बस," तो पुन्हा म्हणाला.

पुगचं हसू अजून तसंच होतं. कुबड्या कुठे टेकवाव्यात, हे तो शोधत होता.