धडपड्या जिना उतरतो

संगणकातली माणसं खऱ्यासारखी चालावीत, वजन आणि तोल सांभाळत, यासाठी ती संशोधन करायची. तिच्या पडद्यावर एक करडा पुतळा होता. त्याच्या हालचाली कोणी काढून दिलेल्या नव्हत्या. हजारो वेळा प्रयत्न करून तो आपला आपणच शिकायचा. जमलं की गुण, चुकलं की गुण वजा. सध्या त्याला जिना उतरायला शिकवायचं होतं, आणि शोधनिबंध पाठवायला तीनच आठवडे उरले होते.

पहिल्या दिवशी पुतळ्यानं वरच्या पायरीवरून थेट सूर मारला आणि गडगडत तळाशी पोचला. लवकर पोचण्याचे गुण होते ना! प्रयोगशाळेत हशा पिकला. तिनं पडण्याची शिक्षा दसपट केली. तेव्हापासून पठ्ठ्या वरच्या पायरीवर खांबासारखा उभा. हलायचं नाव नाही.

रविवारी ती घरीच काम करत बसली होती. तिसरा मजला, लिफ्ट नाही. वडील निवृत्त पोस्टमन, उभा जन्म लोकांचे जिने चढण्यात गेलेला. दोन महिन्यांपूर्वी गुडघ्याचं ऑपरेशन झालं. टाके सुकले, डॉक्टरांनी फिरायला सांगितलं. पण दवाखान्यातून परतताना जिन्यात एकदा पाय लटपटला, तो धसका मनात बसला. तेव्हापासून त्यांनी उंबरा ओलांडला नव्हता.

वडील तिच्या मागे येऊन उभे राहिले. "हा का थांबलाय?"

"पडायची भीती घातली मी त्याला. जरा जास्तच झाली."

"शहाणा आहे."

"आमच्या घरात आहे की असाच एक शहाणा," आई स्वयंपाकघरातून म्हणाली.

वडिलांनी ऐकलं न ऐकलंसं केलं, पण खुर्ची ओढून बसले. तिनं त्यांना पुतळ्याचे आधीचे प्रयत्न दाखवले. एकात तो बसून घसरत उतरत होता. वडील डोळ्यांत पाणी येईतो हसले. "धडपड्या आहे लेकाचा!" नाव तिथंच पडलं.

मग ते गंभीर झाले. "अख्खा जिना त्याच्यापुढे कशाला मांडतेस? शेवटच्या पायरीवर उभा कर. तिथून पडला तरी लागून किती लागणार? ती जमली की वरची दे."

जिना वरून शिकवायचा, असं ती धरूनच चालली होती! तिनं शिक्षा कमी केली आणि पुतळ्याला खालच्या पायरीवर ठेवलं. दुपारपर्यंत धडपड्या तीन पायऱ्या उतरला, चौथीवर अडखळला, पण सावरला.

"आता तुम्ही," आई पदराला हात पुसत बाहेर आली.

"अगं, शेवटची पायरी तळमजल्यावर आहे. तिथं मला उचलून नेणार का?"

"चौथ्या मजल्याच्या जिन्याची शेवटची पायरी आपल्या दाराशीच येते. चढा एक आणि उतरा."

वडील उठून दाराकडे गेले. आयुष्यभर जिने चढलेल्या माणसाला हे सुचलं नव्हतं. एक हात कठड्यावर, एक लेकीच्या खांद्यावर. "चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी," ती व्यायाम शिकवणाऱ्या बाईंचं वाक्य बोलत राहिली. एक पायरी वर, एक खाली. वडिलांच्या कपाळावर घाम आला होता.

"झालं?" आईनं विचारलं.

"थांब गं. दुसरी बघतो."

रोज एकेक पायरी वाढली. तिसऱ्या आठवड्यात ते चौथ्या मजल्यावर पोचले. वरच्या शिक्षिकाबाईंनी दार उघडलं आणि त्यांना बघून चहाच टाकला. वडील तासाभरानं परतले, तोवर आईचा जीव टांगणीला. "अगं, गप्पा रंगल्या," एवढंच त्यांचं स्पष्टीकरण.

निबंध वेळेत गेला आणि स्वीकारला गेला. एका परीक्षकानं मात्र लिहिलं होतं, पुतळा फारच जपून उतरतो. ती आठवडाभर धुसफुसत होती.

निकालानंतरच्या सोमवारी वडील तिन्ही मजले उतरून, बस पकडून, न सांगता प्रयोगशाळेत हजर झाले. तिच्या सहकाऱ्यांनी मोठ्या पडद्यावर धडपड्याला चाळीस पायऱ्यांवरून उतरवलं. वडील पुढे वाकून, श्वास रोखून बघत होते. तो तळाशी पोचताच त्यांनी अशा टाळ्या वाजवल्या, की शेजारच्या खोलीतले लोक बघायला आले.

"आता पुढे काय?" त्यांनी विचारलं.

"बर्फावर चालणं," ती म्हणाली.

"मग त्याला आधी नीट पडायला शिकव," वडील म्हणाले आणि बूट काढून, समोरच्या रिकाम्या खुर्चीवर पाय लांब करून निवांत बसले.