नावाला पडदा

बायकांचं उर्दू मासिक दिल्लीहून नंदुरबारला येई, ते जब्बार पिंजाऱ्याच्या नावाने. पाकिटावर बाईचं नाव घातलं तर टपालवाल्याची नजर पडेल ना. जब्बारमियाँना अक्षरओळख नव्हती. त्यांना फक्त कापूस वाचता यायचा. मासिक वाचायची त्यांची बायको नजमुन्निसा. भावाच्या पाटीवर चोरून नजर टाकत शिकलेली.

त्या दिवशी मियाँ अंक घेऊन आले ते हसतच. दाढीत कापसाचे तंतू.

"मशिदम्हा समदा लोके हात मिळाई ऱ्हायनात," ते म्हणाले. "मन्हं नाव छापेल शे म्हने."

नजमुन्निसाने अंक ओढून घेतला. लेख तिचा होता. तिची लेक नईमा सासरी बाळंतपणात अडली. दवाखान्यातला डॉक्टर पुरुष, म्हणून सासरे हाजी मुनव्वर उंबऱ्यात आडवे उभे राहिले: परक्याचा हात आमच्या सुनेला लागायचा नाही. नईमा गेली, बाळही गेलं. ते सगळं नजमुन्निसाने लिहिलं होतं आणि खाली सही केली होती, 'नईमाची आई'.

छापलं होतं, 'जब्बार यांचं कुटुंब'.

तिने ओळीवर बोट ठेवून लेख वाचला. जिथे जिथे नईमा लिहिलं होतं, तिथे तिथे 'मरहूमा'. मेलेली. नईमा कुठेच नव्हती. हाजी मुनव्वर मात्र होते. तिने नुसतं नाव लिहिलं होतं, मासिकवाल्यांनी आधी 'जनाब' आणि नंतर 'साहब' लावून दिलं होतं. तळाशी बारीक अक्षरांत खुलासा: शरीफ घरच्या लेकींची नावं बेपर्दा करण्याचा आमचा शिरस्ता नाही. खाली सही, 'संपादकांचं कुटुंब'. त्या बाईलाही आईबापांनी काहीतरी नाव ठेवलंच असेल.

"मरेल पोरले कसाना पडदा?" नजमुन्निसाने विचारलं.

"शिरस्ता ऱ्हास त्यासना."

"ज्यानी मारी, तो जनाब. आनि मन्ही आंडेर कोनीच नही?" आंडेर म्हणजे लेक. "लोके हात मिळाई ऱ्हायनात. कसाले? पोर मरनी म्हनीसन?"

मियाँचं हसू गेलं. पूर्वी ते तिला 'नईमानी माय' म्हणून हाक मारायचे. आता कशीच मारत नसत.

"आज ते वाचू नको," ते हळूच म्हणाले. "अख्तरबानो बी येस. हाजीनाच कापूस पिंजीसन आपलं घर चालस."

दर जुम्म्याला दुपारी बायका तिच्या अंगणात जमत. दिल्लीची उर्दू म्हणजे इस्त्रीतली, तिला मातीत बसता येत नाही; म्हणून नजमुन्निसा वाचता वाचता तिची अहिराणी करून सांगे. छापलेलं काय आणि तिच्या पदरचं काय, हे तिच्याखेरीज कुणाला कळायचं नाही. अख्तरबानो, हाजींची बायको आणि तिची विहीण, नेहमी भिंतीला टेकून बसायची.

नजमुन्निसाने वाचायला घेतलं. 'मरहूमा' आलं की म्हणे, नईमा. नईमा विव्हळत होती. नईमा पाणी मागत होती. नईमाचा आवाज बसला. कुणी सुपारी कातरत होतं ते थांबलं. एका पोरसवदा सुनेने पदर तोंडात कोंबला.

"याहीनबाई," अख्तरबानो म्हणाली, "तिन्हं नाव छापेल शे?"

"नही."

"मंग?"

"मंग मी सांगस."

"मन्हा घरवालानं?"

"शे. जनाब लाईसन."

अख्तरबानो जमिनीकडे बघत राहिली. "आनि मन्हं?"

"तुमनं बी नही."

"पाहिजे व्हतं," अख्तरबानो म्हणाली. "मी दारना आडे व्हती. पानी मांगे ती. यासनी सांगं, 'आत जाऊ नको.' मी गऊ नही."

नजमुन्निसाला तिचा गळा धरावासा वाटला, आणि ते तिच्या चेहऱ्यावर साफ दिसत होतं. माफी मागितलीही नव्हती कुणी, मिळणारही नव्हती.

"लिखसू," नजमुन्निसा म्हणाली. "मुनव्वरनं कुटुंब म्हनीसन नही. अख्तरबानो म्हनीसन लिखसू. छापोत नही तं नको छापोत, आठे तं वाचसू."

अख्तरबानोने मान हलवली आणि भिंतीपासून पुढे सरकून बसली.

नजमुन्निसाने पान मागे उलटलं आणि लेख पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला, या वेळी रस्त्यावरच्या पुरुषांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात.