हितेंद्रने मोजलेली ओल

रावेरजवळच्या आपल्या गावात मातीच्या ओलीवर बोलायचा अधिकार फक्त आपल्यालाच आहे, असं हितेंद्रचं ठाम मत होतं. कृषीची पदवी होतीच, शिवाय यंदा केळीच्या बागेत त्याने ओल मोजणारं यंत्र पुरलं होतं. आकडा थेट मोबाइलवर दिसे. "मुळांना पाणी लागतं, तशी हवाही लागते. दोन्ही जमलं की वाफसा," हे तो डेअरीवर रोज सांगायचा. लोक मध्येच उठून जायचे. लगेच अमलात आणायला जात असतील, अशी त्याची समजूत.

जानेवारीत आकडा लाल झाला. माती कोरडी! त्याने ठिबक दोन तास वाढवलं. दुसऱ्या दिवशीही लाल. आणखी दोन तास. दहा दिवसांनी पानं पिवळी पडू लागली, तेव्हा हा विद्वान हळहळला, 'किती तहानलीत बिचारी!'

त्याची आत्या बेबाबाई बागेत केळीची पिल्लं, म्हणजे बुंध्याशी फुटलेले कोंब, कापायला आली आणि तिची चप्पल चिखलात रुतली.

"हितू, काय करी राह्यला रे तू? भात लावतो का?"

"आत्या, माती कोरडी आहे. हे बघ." त्याने मोबाइल पुढे केला.

आत्याने खुरपीने खोडाजवळ वीतभर उकरलं, मूठभर माती घेऊन दाबली. बोटांच्या फटींतून पाणी गळलं. तो गोळा तिने त्याच्या तळहातावर ठेवला. "आता हे वाच."

उकरलेल्या खड्ड्यातली मुळं काळी पडली होती. वासही येत होता.

हितेंद्रने यंत्र उपसलं. बसवताना फोटो काढायच्या घाईत त्याने खड्डा मोठा खणला होता आणि वरून नुसती ढेकळं लोटली होती. यंत्राभोवती पोकळी राहिली होती. यंत्र बिचारं इमानदारीने त्या पोकळीतल्या हवेची ओल सांगत होतं. 'भोवती माती घट्ट दाबा' हे माहितीपत्रकातलं वाक्य त्याने स्वतः चार जणांना मोठ्याने वाचून दाखवलं होतं.

त्याने ठिबक बंद केलं, पाणी निघायला चर काढले. दुसऱ्याच दिवशी शेतकरी गट त्याचं यंत्र बघायला येणार होता. ताप आलाय असं सांगावं, असं मनात आलं. पण गटाचे मोतीलालभाऊ सकाळीच बांधावर हजर झाले. मग त्याने सगळ्यांना पिवळ्या ओळीतच नेलं, प्रत्येकाला माती दाबायला लावली आणि घडलं ते सांगून टाकलं. लोक पोट धरून हसले. तोही हसला, जरा उशिराने.

"म्हणजे यंत्र घेऊ नये?" मोतीलालभाऊंनी विचारलं.

"यंत्र चांगलं आहे, भाऊ. बसवणारा तेवढा तपासून घ्या."

चाळीसेक झाडं गेली. बाकीच्यांना महिन्याभराने हिरवा पोगा, नव्या पानाची सुरळी, फुटला.