हललेला फोटो

"आडवे व्हा बघू," फोटोमामा म्हणाले. पेंटरने टेबलावर पाठ टेकवली न टेकवली तोच तो ओरडत उठून बसला.

"खांदा! आई गं, खांदा!"

बसल्यावर मात्र त्याला बरं वाटलं. कपाळावरचा घाम पुसून तो हसलासुद्धा. "दुकानाची पाटी रंगवत होतो, मामा. शिडी सटकली. खाली कठडा होता, त्याच्यावर डाव्या कुशीवर आदळलो. पाटी राहिली कोरी आणि रंगलो मीच."

"खांद्यावर पडलात का?"

"नाही बुवा. खांद्याला काहीच लागलं नाही. पण मेला दुखतोय तोच."

मामांनी त्याचा डावा हात वर नेला, मागे फिरवला. हात तेल दिल्यासारखा फिरला. त्यांच्या मनात पाल चुकचुकली.

इस्पितळातल्या या अंधाऱ्या खोलीत ते सव्वीस वर्षं एक्स-रे काढत होते. झाडूवाल्यापासून मोठ्या सर्जनपर्यंत सगळे त्यांना फोटोमामाच म्हणत. त्यांचा फोटो कधी पुन्हा काढावा लागत नाही, अशी ख्याती होती, आणि तिचा त्यांना छुपा अभिमान होता. मात्र फोटो काढायचा, वाचायचा नाही, हा नियम होता. पहिल्याच वर्षी एक हमाल असाच खांदा धरून आला होता. फोटो स्वच्छ निघाला, त्याला घरी पाठवलं आणि संध्याकाळी तो चादरीखाली परत आला. तेव्हाच्या म्हाताऱ्या सर्जननी मामांना बाजूला घेऊन सांगितलं होतं, "खांदा दुखतो आणि खांद्याला काही झालेलं नाही, तर दुखणं पोटात शोधायचं. डाव्या फासळ्यांखाली प्लीहा असते. ती फाटली की रक्त वरच्या, छाती आणि पोटामधल्या पडद्याला डिवचतं आणि माणूस खांदा धरून ओरडतो. आडवं झाल्यावर जास्तच."

पेंटरच्या खांद्याचा फोटोही स्वच्छ निघाला. तो घेऊन मामा स्वतः अपघात विभागात गेले.

तिथे पाय ठेवायला जागा नव्हती. सकाळी एक बस उलटली होती. तरुण डॉक्टर कालपासून उभाच होता, डोळे लाल झाले होते.

"साहेब, याच्या पोटात रक्त असेल असं वाटतंय."

"मामा, आल्या आल्या मी स्वतः सोनोग्राफी केलीय. पोट साफ आहे. बीपी उत्तम आहे."

"रक्त साचायला वेळ लागतो. पुन्हा एकदा बघता का? नाहीतर सीटी..."

"सीटीला बसवाले रांगेत आहेत, त्यातले दोघं बेशुद्ध! हा चालत आला, विनोद करतोय. खांद्याचा फोटो साफ आहे ना? मग झालं." डॉक्टरने कागद ओढून घरी सोडायचं लिहायला घेतलं. "रिपोर्ट करणं तुमचं काम नाही, मामा. प्लीज."

मामांना संताप आला. पण कोणावर काढायचा? पोरगं चूक नव्हतं. यंत्र साफ म्हणत होतं, आकडे साफ म्हणत होते, आणि मागून तिघं एकदम हाका मारत होते. वर सांगावं, तर सर्जनबाई ऑपरेशन थिएटरमध्ये अडकलेल्या.

"साहेब," मामा म्हणाले, "खांद्याचा दुसऱ्या बाजूने काढलेला फोटो हललाय. परत काढावा लागेल."

डॉक्टरने मान वर केली. "तुमचा? तुमचा फोटो हलला?"

"माझ्या हातून चूक झाली."

"आज सगळंच उलटं चाललंय! बरं, काढा लवकर. मग सोडतो."

परत येताना मामांचं डोकं तापलं होतं. खरं सांगितलं तर कोणी ढुंकून पाहिलं नाही, आणि खोटं एका दमात खपलं.

त्यांनी पेंटरला खिडकीजवळच्या बाकावर बसवलं. दर दोन फोटोंमागे बाहेर येऊन ते त्याचं मनगट धरत. नाडी अठ्ठ्याऐंशी. मग शहाण्णव.

"अहो, एका फोटोला किती वेळ?" पेंटरची बायको चिडली. "आमच्यामागून आलेले घरी गेले! पोरगी शाळेतून येईल, कुलूप बघून रडत बसेल. तुम्ही बिघडवायचं आणि आम्ही भोगायचं?"

"थोडं थांबा, ताई."

"थोडं थोडं म्हणत तास झाला!"

नाडी एकशे दहा. पेंटरचे विनोद बंद पडले होते. ओठ पांढरे दिसत होते. "पाणी दे गं," तो म्हणाला. बायकोने बाटली उघडली, मामांनी ती हातातून काढून घेतली.

"पाणी पण नाही? माणसं आहात की कोण?"

ऑपरेशन लागलं तर पोट रिकामं हवं, हे समजावायला वेळ नव्हता. मामांनी व्हीलचेअर ओढली, त्याला बसवलं आणि गर्दीतून वाट काढत थेट डॉक्टरसमोर उभी केली. "नाडी मोजा. फक्त नाडी."

डॉक्टरने मनगट धरलं आणि त्याचा चेहरा बदलला. सोनोग्राफीचं यंत्र पुन्हा पोटावर फिरलं. पहिल्या वेळी जिथे काही नव्हतं, तिथे आता रक्ताची काळीभोर पट्टी होती. पुढच्या दहा मिनिटांत पेंटर थिएटरमध्ये होता. प्लीहा काढावी लागली, पण माणूस राहिला.

शनिवारच्या बैठकीत तरुण डॉक्टरने ही केस मांडली. पुन्हा पुन्हा तपासलं म्हणून निदान वेळेत झालं, असं तो म्हणाला, आणि ते खोटंही नव्हतं. टाळ्या भिंतीपलीकडे मामांना ऐकू आल्या. त्यांच्या टेबलावर इन्चार्जचा कागद होता : एक्स-रे पुन्हा काढावा लागल्याने रुग्णाचा खोळंबा झाला, खुलासा करावा. मामांनी एकदा लिहून खोडलं. मग 'माझी चूक झाली' एवढंच लिहून सही केली. खरं लिहिलं असतं, तर पुढच्या वेळी कोणालाच बाकावर थांबवून ठेवता आलं नसतं.

सहाव्या दिवशी पेंटरची बायको खिडकीशी आली.

"त्या दिवशी फार बोलले तुम्हाला."

"चालायचंच."

"पण बरं झालं हो, तुमचा फोटो बिघडला! नाहीतर वाटेतच काहीतरी झालं असतं. डॉक्टर देवासारखे धावले. तुमची चूकसुद्धा देवानेच करवली म्हणायची."

मामांनी हातातली फिल्म पाकिटात सरकवली.

"जेवतायत का आता?" त्यांनी विचारलं.

"आज दोन घास गेले."

"हळूहळू वाढवा."

ती गेली. आत छातीच्या फोटोसाठी एक म्हातारी उभी होती, एक्स-रेच्या उभ्या पाटीला हनुवटी टेकवून, भेदरलेली. मामांनी तिचे खांदे हलकेच पुढे केले.

"घाबरू नका, आजी. मोठा श्वास घ्या... आता रोखा."

आजीने श्वास रोखला. काचेपलीकडे, बटण दाबेपर्यंत, मामांनीही.