माझ्या अंगावरचं नाव

मित्रांनो, मी एक जुना स्टीलचा पेला आहे. नांदेडला विद्यापीठाजवळ बसम्मांच्या घरी, फडताळात सगळ्यात खाली मी एकटाच पालथा पडून असतो. मला पोचे आले आहेत, चकाकीही गेली आहे, पण त्याचं दुःख नाही. दुःख आहे ते माझ्या अंगावर कोरलेल्या अक्षरांचं.

दुकानातून निघताना आम्ही सहा भावंडं होतो. पाच जणांवर बसम्मांच्या यजमानांचं, गुरुपादप्पांचं, नाव पडलं. मी कोरा उरलो होतो. त्याच आठवड्यात वरच्या खोलीत आफ्रिकेतल्या मलावी देशाचा विद्यार्थी राहायला आला होता, चिकोंडी. त्याचं जेवणही बसम्मांकडेच होतं.

"ह्याच्यावर काय नाव घालू?" दुकानदारानं विचारलं.

"त्या पोराचं नाव मला म्हणताच येत न्हाई. काळ्या लिही," बसम्मा म्हणाल्या. "काय काय खात असंल, त्याचा गिलास येगळाच बरा."

कोरायची सुई थरथरली आणि मी 'काळ्या'चा पेला झालो.

चिकोंडीला मराठी अक्षरं येत नव्हती. त्यानं माझ्यावरून बोट फिरवलं आणि तो हरखूनच गेला. या घरात आपल्या नावाचं भांडं आहे, असं त्या भोळ्याला वाटलं! त्यानं आईला माझा फोटोसुद्धा पाठवला. एवढं कौतुक माझ्या भावंडांच्या वाट्याला कधी आलं नाही, पण मी मात्र लाजेनं मेल्याहून मेल्यासारखा झालो होतो.

तो आफ्रिकेतल्या कादंबऱ्यांवर प्रबंध लिहीत होता. बसम्मांची नात शिवांगी त्याच्याकडे इंग्रजी शिकायची. तो तिला त्यातल्या गोष्टी सांगे. गोऱ्या मालकांना नोकरांची नावं उच्चारायचा कंटाळा, म्हणून ते आपल्या सोयीची नावं ठेवत. पुढे देश स्वतंत्र झाले, तरी ती नावं काही माणसांना चिकटूनच राहिली. हे सांगता सांगता तो माझ्यातलंच पाणी प्यायचा.

शिवांगी त्याला मराठी अक्षरं शिकवू लागली, तशी माझी झोप उडाली. दोन वर्षांनी, मार्चमधल्या एका दुपारी, जेवताना त्यानं मला उचललं आणि बोट ठेवून वाचलं, "का... ळ्या."

बसम्मांचा भाकरी वाढणारा हात थांबला. "लेकरा, मला तुझं नाव म्हणता येत न्हवतं रे."

"एकदा विचारायचं होतं, आजी," तो हळू म्हणाला. "चिकोंडी. आमच्याकडे त्याचा अर्थ माया."

त्यानं ताटातली भाकरी संपवली. पाणी मात्र नळाखाली ओंजळ धरून प्यायला. महिनाअखेरीस त्यानं खोली सोडली.

बसम्मांनी मला राखेनं घासलं, विटेच्या भुकटीनं घासलं. अक्षरं पुसट झाली, पण गेली नाहीत. मित्रांनो, जीभ अडखळली तरी चालेल, पण माणसाला त्याच्या नावानंच हाक मारा, आणि ती वेळेवर मारा. बसम्मा आजही मला घासायला घेतात आणि "चिकोंडी, चिकोंडी" असं अगदी स्पष्ट म्हणतात. ऐकायला तो नाही.