राणीची हाततोफ

आमच्या गंगेच्या घाटाजवळचा राजवाडा यंदा लोकांसाठी खुला झाला, आणि इरावतीवन्सं, म्हणजे माझी नणंद, मला ओढतच घेऊन गेल्या. मैत्रेयीची, त्यांच्या नातीची, होणारी सासूही सोबत होती. का नेलंय ते आत गेल्यावर कळलं. काचेच्या पेटीत माझा सोऱ्या! चकलीचा, पितळेचा, मुठीवर मोर, आईनं लग्नात दिलेला. खाली पाटी : 'रानी की हस्त-तोप. भेंट : श्रीमती इरावती.'

चाळीस वर्षांपूर्वी याच वन्संनी सासूबाईंना सांगितलं होतं, "वहिनीनं गच्चीवर ठेवला, माकडानं नेला." सासूबाई मरेपर्यंत मला वेंधळी म्हणाल्या. आणि दर दिवाळीला वन्सं विचारणार, "वहिनी, यंदाही चकल्या नाहीत?"

गाइड सांगत होता, "इसमें बारूद भरके रानी साहिबा दबाती थीं."

"आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या होती हो," वन्सं विहीणबाईंना म्हणाल्या.

भांडले असते तर लोक म्हातारी जळते म्हणाले असते. मी पेटीला हात जोडले आणि सगळ्यांना समजेल अशा हिंदीत सुरू केलं. तोफ राणीची नव्हेच, तिच्या दासीची! तिनं या तोफेनं सात राजपुत्र उडवले. आठवा गंगेत पडला, त्याला मगरीनं गिळलं, आणि बारुदाच्या वासानं मगरीला तीन दिवस जुलाब! दासी तोफ घेऊन पळाली. तेव्हापासून जिच्या घरी ही पिढ्यान्‌पिढ्या, ती त्या खुनी दासीचीच लेक. त्या घरातली मुलगी सासरी गेली, की आधी सासू जाते.

विहीणबाई दोन पावलं मागे सरकल्या. लोकांचे मोबाइल वर झाले.

"खोटं! साफ खोटं!" वन्सं किंचाळल्या. "अहो, सोऱ्या आहे तो! चकलीचा! या माझ्या वहिनीचा!"

"अगंबाई! माझा तर माकडानं नेला होता ना?"

वन्सं पुटपुटल्या, "मीच उचलला."

"जोरात बोला, वन्सं. मला कमी ऐकू येतं."

"मीच उचलला!"

"आता हिंदीत," मी बाकावर ऐसपैस बसत म्हटलं. "सगळ्यांना कुठे मराठी कळतं?"