टिकलीला पडदा नको

गाडीत टीव्हीचे पडदे बसवून घ्यायला दोन प्रकारची माणसं येतात, हौशी आणि थकलेली. हौशी माणसं माझं डोकं खातात. थकलेली माणसं घरूनच कागदावर सगळं आखून आणतात, कागद माझ्या हातात देतात आणि जागा मिळेल तिथे बसून डोळे मिटतात. या ताई दुसऱ्या प्रकारातल्या होत्या. शेडमध्ये कुठल्याशा गाडीची काढून ठेवलेली सीट पडली होती, तिच्यावर त्या बसल्या आणि म्हणाल्या, "दादा, मला चित्र-बित्र काही नको. मला शांतता हवी. ती कशी बसवायची ते तुम्ही बघा."

मी कागद पाहिला. सात जणांची गाडी, वरून दिसेल तशी काढलेली. मधल्या रांगेत पाच वर्षांची जुळी मुलं. एका पडद्यावर दोघांचं जमणार नाही म्हणून पुढच्या दोन सीटांच्या पाठीला दोन वेगळे पडदे. मागच्या रांगेत नऊ वर्षांची मुलगी, तिच्यासाठी छतातून खाली उघडणारा मोठा पडदा. तिघांनाही हेडफोन. चालकाच्या जागी 'अण्णा', म्हणजे ताईंचे वडील. त्यांच्या शेजारच्या जागेवर 'मी' असं लिहून पुढे मिटलेले दोन डोळे काढले होते.

"दिवसभर मी फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकते," ताई म्हणाल्या. "मुलांची शाळा माझ्या ऑफिसला लागूनच आहे. अण्णा सगळ्यांना सोडतात, दिवसभर तिथेच गाडीत थांबतात आणि संध्याकाळी सगळ्यांना घेऊन परततात. चाळीस मिनिटं जायला, चाळीस यायला. तेवढीच माझी झोप. आणि तीसुद्धा या दोघांच्या मध्ये चेमटून. पुढे बसावं म्हटलं तर ही टिकली जागा सोडत नाही."

टिकली म्हणजे ती नऊ वर्षांची मुलगी. ती पुढच्या सीटवर पट्टा लावून बसली होती. गाडी बंद होती, तरीही.

माझी एक पद्धत आहे. वायरीला हात लावण्याआधी मी सगळ्या कुटुंबाला गाडीत आपापल्या जागी बसवतो, मान अवघडणार नाही अशा बेताने समोर बघा म्हणतो, आणि नजर जिथे पडेल तिथे कागदी चिकटपट्टी लावतो. पडदा तिथेच बसतो. पंचवीस वर्षं मी लोकांच्या नजरा मोजतोय. त्यात माझी कंबर गेली, पण माणूस कुठे बघतो यावरून मला त्याच्याबद्दल बरंच काही कळतं अशी माझी समजूत होती. त्या दिवशी मात्र नाकासमोरची गोष्ट मला तासभर दिसली नाही.

जुळ्यांचं काम पटकन झालं. पट्ट्या लावून मी वळतो तोच त्यांनी त्या सोलून एकमेकांच्या कपाळाला लावल्या. मी पुन्हा लावल्या, आणि चिकटपट्टीचं एक जुनं भेंडोळं त्यांच्या हातात देऊन मोकळा झालो. मग टिकलीला म्हणालो, "चल बाळा, मागे बस. तुझा पडदा सगळ्यात मोठा आहे."

"मला पडदा नको," ती म्हणाली. "मी पुढेच बसणार."

पडदा नको म्हणणारं मूल मी जन्मात पाहिलं नव्हतं. मी तिला कार्टूनचं आमिष दाखवलं. हेडफोन दाखवला, त्याला मांजराचे कान होते. तिने त्या कानांकडे अशी काही नजर टाकली की मलाच कसंतरी झालं. पण मान हलवली ती आडवीच.

"बघितलंत?" ताई डोळे न उघडताच म्हणाल्या. "रोज हाच तमाशा."

अण्णा गाडीला हात लावून उभे होते. उंच, सरळ पाठीचे, इस्त्रीच्या शर्टातले. चौतीस वर्षं बस चालवली, एक ओरखडा नाही, हे त्यांनी आल्या आल्या मला सांगितलं होतं. "पडद्यांचं माझ्याशी बोलू नका," असंही सांगितलं होतं. मी लावलेली पट्टी त्यांनी नाक टेकेल इतकं वाकून पाहिली. सीट चाचपली, वायर कुठून जाणार ते विचारून बोटाने तो रस्ता गिरवला. मी मनात म्हटलं, हे गिऱ्हाईक चिकट आहे, चार दिवसांचं काम आठ दिवस पुरवणार.

छताचा पडदा खाली उघडला की चालकाला आरशातून दिसणारी मागची काच झाकली जाते. म्हणून तो किती उंचीवर ठेवायचा हे आधी ठरवावं लागतं. मी पडद्याच्या मापाचा पुठ्ठा छताला टांगला, अण्णांना चालकाच्या जागी बसवलं आणि गाडीच्या मागे दहा पावलांवर जाऊन उभा राहिलो.

"काका, आरशात बघा. मी किती बोटं दाखवतोय ते सांगा."

टिकली आता पट्टा सोडून सीटवर गुडघे टेकून मागे तोंड करून बसली होती.

"तीन," अण्णा म्हणाले. बरोबर होतं.

"आता?"

"एक." तेही बरोबर. "चार." तेही. प्रत्येक उत्तर जरा उशिरा येत होतं एवढंच. म्हातारा माणूस, मी म्हटलं.

तेवढ्यात ताईंनी टिकलीला हाक मारली. हेडफोन डोक्याला बसतो का बघायचा होता. ती "नको, नको" करत राहिली, शेवटी आईचा आवाज चढला तशी उतरली, पण मागे बघत बघत गेली. मी पुठ्ठा दोन बोटं वर घेतला आणि पुन्हा मागे जाऊन उभा राहिलो.

"परत एकदा, काका," म्हणालो, आणि हातातलं चिकटपट्टीचं भेंडोळं सुटून गाडीखाली घरंगळलं. ते काढायला मी जमिनीवर पालथा झालो.

"दोन!" आतून खणखणीत आवाज आला.

मी कमरेवर हात ठेवून उठलो. अख्खा पंजा उघडून धरला.

"तीन."

मी दोन्ही हात खिशात घातले. आत बराच वेळ काही झालं नाही. मग अण्णा म्हणाले, "चार. चारच ना?"

त्या 'ना'ने सगळं सांगितलं. मी पुढे गेलो, टिकलीच्या जागेवर बसलो आणि दार ओढून घेतलं. मला राग आला होता. खरं सांगतो, दया नंतर आली.

"काका, तुम्हाला दिसत नाही."

ते रागावले नाहीत. स्टिअरिंगवरून त्यांनी एकदा तळहात फिरवला. "हातभर अंतरावरचं दिसतं," म्हणाले. "त्यापुढे सगळं धुरकट. डॉक्टर म्हणाले, डोळ्याचा पडदा गेलाय. चष्म्याने होणारं काम नाही." मग जरासे हसले. "तुमच्याकडे बसवून मिळतो का हो तसला?"

मला हसू आलं नाही. "मग रोज गाडी कशी चालवता?"

"टिकली सांगते. लाल, हिरवा, माणूस, सायकल, खड्डा. आधी खेळ म्हणून सुरू केलं. आता ती एक क्षण नजर हलवत नाही. आवाज हळू ठेवते, तिची आई मागे झोपलेली असते ना."

नऊ वर्षांची पोर रोज जाता-येता चाळीस चाळीस मिनिटं रस्त्यावरून डोळे न काढता बसत होती आणि आम्ही तिला मांजराचे कान दाखवत होतो.

"काका, मागे ती दोन पोरं असतात. तुमची लेक असते. रस्त्यावर दुसऱ्यांची पोरं असतात."

"ठाऊक आहे."

"मग?"

"घरात मी हॉलमधल्या दिवाणावर झोपतो," अण्णा म्हणाले. "पाहुणे आले की तोही द्यावा लागतो. माझी अशी ही एकच जागा आहे, मिस्त्री. इथे मला कोणी सरका म्हणत नाही. आणि लेकीला चालवावी लागली तर तिची झोप जाईल. ती कशी दिसते ते बघितलंत ना? मला ती नीट दिसत नाही, तरी कळतं."

मी दाराच्या हँडलवर हात ठेवला. मग म्हणालो, "तुम्ही सांगता की मी सांगू? ही गाडी तुमच्या हाताने या शेडमधून बाहेर जाणार नाही."

"किती वेळ देता?"

बाहेर जुळी मुलं माझ्या स्टुलाला पट्ट्या गुंडाळत होती. "त्यांचं भेंडोळं संपेपर्यंत," मी म्हणालो.

अण्णा उतरले. पायाने अंदाज घेत लेकीसमोर जाऊन उभे राहिले. टिकली तिथेच होती, हेडफोन गळ्यात लटकत होता.

"ही पडदा नको म्हणते ना," अण्णा म्हणाले. "मग तिचा पडदा मला दे. मागची सीटही दे."

ताईंनी डोळे उघडले. "तुम्ही मागे बसलात तर गाडी कोण चालवणार, अण्णा?"

अण्णांनी खिशातून किल्ली काढून पुढे धरली. ताईंचा हात होता त्याच्या जरा बाजूलाच धरली. ताईंनी त्या किल्लीकडे पाहिलं, मग वडिलांच्या डोळ्यांकडे. ते डोळे ताईंच्या खांद्याच्या पलीकडे कुठेतरी बघत होते.

"शाळा उघडली तेव्हापासून," अण्णा म्हणाले. "टिकली रस्ता सांगायची."

आणि टिकली रडायलाच लागली. "मी नाही सांगितलं, आजोबा! शप्पथ, मी कुण्णाला नाही सांगितलं!"

"माहीत आहे गं," अण्णा म्हणाले आणि हात पुढे केला. तीच येऊन त्या हाताखाली उभी राहिली.

ताई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या स्टुलाशी खेळणाऱ्या जुळ्यांकडे बघत राहिल्या, किल्ली मुठीत इतकी घट्ट धरून की बोटं पांढरी पडली. मग एवढंच म्हणाल्या, "मला कधी कळलंच नाही. मी झोपलेली असायचे." मी पुठ्ठा काढायच्या निमित्ताने गाडीत शिरलो.

त्यांनी आणलेला कागद मी उलटा केला आणि नव्याने आखणी केली. छताचा पडदा रद्द. जुळ्यांचे दोन तसेच. तिसरा मधल्या सीटच्या पाठीला, मागच्या रांगेत बसणाऱ्याच्या हातभर अंतरावर. गाडीच्या नाकाला एक कॅमेरा, त्याची वायर थेट त्या तिसऱ्या पडद्यापर्यंत. सिनेमा नाही, गाणी नाही, फक्त समोरचा रस्ता. अण्णांना मी म्हटलं होतं की पुढेच बसा लेकीशेजारी, तुमचा पडदाही तिथेच लावतो. ते म्हणाले, "नको. पुढे बसलो तर पाय ब्रेक शोधत राहील."

चार दिवसांनी सगळे गाडी न्यायला आले. ताई चालकाच्या जागी बसल्या, सीट पुढे ओढली, आरसा स्वतःच्या उंचीला केला. त्यांच्या डोळ्यांखालची वर्तुळं होती तशीच होती. शेजारची सीट रिकामी होती, तिच्यावर त्यांनी आपली पर्स ठेवली. जुळे हेडफोन लावून एकदम मुके झाले. मिळाली एकदाची शांतता, पण ती ऐकायला ताईंना आता जागं राहावं लागणार होतं.

मागच्या रांगेत अण्णा, आणि त्यांना चिकटून टिकली. मी तिसरा पडदा चालू केला. गाडीच्या तोंडासमोर माझ्या शेडची भिंत होती. भिंतीवर आग विझवायच्या वाळूची बादली टांगलेली असते, ती पडद्यावर मधोमध आली.

अण्णांनी मान पुढे केली.

"आजोबा," टिकली म्हणाली, "आता तुम्ही सांगा."

"लाल," अण्णा म्हणाले.

"बरोबर," टिकली म्हणाली. मग तिने त्यांच्या खांद्याला डोकं टेकलं, आणि ताईंनी गाडी सुरू करेपर्यंत ती झोपलीसुद्धा होती.